खारा वारा, मतलई वारा

चौल-रेवदंड्याच्या वाड्यांमधून जाणाऱ्या रस्त्यावर सुपारीच्या सावलीत एखादी जुनी बुलेट उभी असते. बाजूचं झाकण काढून ठेवलेलं, आतला एअर फिल्टर कठड्याला टेकवून उन्हात ठेवलेला. कागदाच्या बारीक चुण्या मूळच्या पिवळट. आता त्यांची बाहेरची बाजू तांबूस करडी झालेली असते, आणि चुण्यांच्या टोकांवर, वाकून पाहिलं तर, बुरशीसारखा पांढरट थर दिसतो. ती बुरशी नव्हे, मीठ आहे. रायगडच्या किनाऱ्यावर वाढलेल्या प्रत्येक मुलाला शाळेतल्या भूगोलात दोन वारे भेटतात: दिवसा समुद्राकडून येणारे खारे वारे आणि रात्री जमिनीकडून समुद्राकडे जाणारे मतलई वारे. त्यांची आकृती काढताना बाण उलटे झाले की मार्क जातात. ते दोन्ही वारे या कागदावर आपापला रंग सोडून गेलेले असतात, एकाचा पांढरा, दुसऱ्याचा लाल. जुन्या मोटरसायकलची ‘हवा सुधारायची’ म्हणजे नेमकं काय करायचं, या प्रश्नाचं उत्तर मला तरी या मळक्या कागदात दिसतं. तिला जास्त हवा लागते असा समज सगळीकडे आहे. या किनाऱ्यावर तिला हवी असते ती निवडलेली हवा, आणि ती निवड तिच्या फिल्टरच्या मूळच्या डब्याच्या पोटातच करता येते. हे म्हणणं जरा सविस्तर मांडावंसं वाटतं, कारण दर वर्षी कितीतरी चांगली इंजिनं नेमक्या उलट समजापायी झिजतात.

आधी या दोन वाऱ्यांत काय असतं ते पाहू. लाट फुटते तेव्हा फेसातल्या बुडबुड्यांतून पाण्याचे अतिसूक्ष्म थेंब हवेत उडतात. पाणी सुकतं, मीठ तरंगत राहतं. किनाऱ्यापासून आत जावं तसं ते झपाट्यानं कमी होतं, पण अलिबाग, काशीद, मुरूड, दिवेआगर, श्रीवर्धन ही सगळी गावं त्याच पट्ट्यातली. मीठ मऊ असतं, ते लोखंडाला खरवडत नाही. त्याचा उपद्रव पाण्याच्या वाटेनं होतो. हवेतला दमटपणा साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेला की मिठाचा कण आपणहून पाणी ओढून घेतो; पावसाळ्यात बरणीतल्या मिठाला पाणी सुटतं ते याच कारणानं. दुपारी फिल्टरच्या कागदावर अडकलेला कण रात्री ओला होतो, कागदातून झिरपत पलीकडच्या, स्वच्छ बाजूला पोचतो आणि सकाळी ऊन आलं की तिथे पुन्हा सुकून बसतो. समुद्रातल्या तेलफलाटांवर गॅस टर्बाइन चालवणाऱ्या अभियंत्यांना हे झिरपणं चांगलं ठाऊक असतं. मोटरसायकलच्या कार्बोरेटरच्या गळ्यात पांढरी पूड धरते, स्लाइड अडखळायला लागते, तेव्हा त्यामागे हेच असू शकतं.

मतलई वारा माती आणतो. सह्याद्रीचा दगड बहुतेक बेसाल्ट. त्यात वाळूतल्या गारेसारखा क्वार्ट्झ फारसा नसतो, म्हणून इथली धूळ सौम्य असेल असं वाटू शकतं. पण बेसाल्टमधला फेल्डस्पार मोह्सच्या कठीणतेच्या मोजपट्टीवर सहाच्या आसपास बसतो, आणि सिलिंडरचं बीड, म्हणजे कास्ट आयर्न, त्याच्यापेक्षा मऊ. किनाऱ्याच्या वाळूत मिसळलेला क्वार्ट्झ तर सातावर. दक्षिणेला म्हसळा-श्रीवर्धनकडे जांभा लागतो, आणि त्याची लाली लोहाच्या ऑक्साइडची. सोनार दागिन्याला शेवटची झळाळी देतात ती लाल पूडही लोहाचं ऑक्साइडच. दागिन्यावर ते काम मिनिटांत संपतं. इंजिनात तेच घासणं दर मिनिटाला हजारो वेळा चालू राहतं आणि थांबवायला कोणी नसतं. त्यात वडखळकडून येणाऱ्या रस्त्यावरची खडी, सिमेंट, ट्रकच्या चाकांमागे उठणारा ढग. मांडव्याला २०२०पासून रो-रो बोट लागायला लागली, त्यामुळे मुंबईच्या जुन्या गाड्याही शनिवार-रविवारी इकडे उतरतात. तासभर डेकवर मीठ खाऊन त्या याच धुळीत शिरतात.

आता इंजिन किती श्वास घेतं ते. एक लिटर पेट्रोल नीट जळायला सुमारे ९ हजार लिटर हवा लागते. दहा फूट लांब, दहा फूट रुंद, दहा फूट उंच खोलीतली सगळी हवा तीन लिटर पेट्रोलात संपते. अलिबागहून मुरूड सुमारे ५० किलोमीटर. तिथे पोचेपर्यंत जुनी बुलेट अर्ध्या खोलीइतकी हवा पिऊन टाकते. पण एकूण आकड्यापेक्षा ती कशी पिते हे जास्त महत्त्वाचं. कास्ट आयर्नच्या ३५० बुलेटचं बोअर ७० मिलिमीटर, स्ट्रोक ९० मिलिमीटर, घनफळ ३४६ सीसी. एकच सिलिंडर. मिनिटाला ३ हजार फेरे फिरत असताना ती हवेचे १,५०० घोट घेते आणि प्रत्येक घोटाला सेकंदाचा शंभरावा भाग मिळतो. मूठ पूर्ण पिळलेली असेल तर पाव लिटरहून जास्त हवा तेवढ्या क्षणात आत ओढली जाते, मग तीन पट वेळ सगळं शांत, मग पुन्हा ओढ. चार सिलिंडरच्या गाडीचा श्वास संथ, सलग असतो. एका सिलिंडरचा श्वास म्हणजे धाप आहे. धापेच्या क्षणी हवेचा वेग सरासरीच्या चौपट होतो, आणि एरवी ज्या कणाला कागदानं सहज अडवलं असतं तो कण कागदाची घडी जिथे सैल असेल, रबर जिथे वाकलेलं असेल, तिथून ओढला जातो.

गॅरेजमध्ये सर्रास मिळणारा सल्ला असा: फिल्टर काढून टाका, गाडी मोकळी होते. किंवा मूळचा डबा काढून कार्बोरेटरच्या तोंडावर थेट कोन फिल्टर बसवा. हा सल्ला देणारे खोटं बोलत नसतात. फिल्टर काढला की बुलेट खरोखर मोकळी झाल्यासारखी वाटते, मूठ हलकी लागते, आवाज भरतो. पण तुलना कशाशी झाली? बहुतेक वेळा दोन-तीन पावसाळे पाहिलेल्या, तुंबलेल्या कागदाशी. तुंबलेला फिल्टर काढून जे मिळालं ते नवा, स्वच्छ फिल्टर बसवूनही बहुतांशी मिळालं असतं, हे तपासायचं राहूनच जातं. आजारातून उठलेल्या माणसाला हवापालट मानवला की औषध मानवलं हे ठरवायचं असेल तर दोन्ही एकाच दिवशी करून चालत नाही. फिल्टरच्या बाबतीत नेमकी तीच गल्लत होते, आणि एका दुपारच्या अनुभवावरून गाडीच्या पुढच्या दहा वर्षांचा निर्णय घेतला जातो.

याची मुळं गाडीच्या जन्मापर्यंत जातात. एन्फिल्डची गाडी मूळची इंग्लंडमधल्या रेडिचची; १९५५ साली मद्रासला कंपनी उभी राहिली आणि बुलेट इथली झाली. इंग्लंडचे रस्ते ओले, डांबरी, धूळ कमी. तिकडच्या अनेक मोटरसायकलींना त्या काळात एअर फिल्टर हा जादा पैसे देऊन घ्यायचा भाग होता. कार्बोरेटरचं उघडं तोंड तसंच वाऱ्याला दिलेलं असे. म्हणजे इंजिनाची मूळ कल्पना ज्या हवेसाठी झाली ती हवाच वेगळी होती. पण त्याच काळातल्या तांत्रिक पुस्तिकांत एक गोष्ट स्पष्ट दिसते: फिल्टर असेल तर पेट्रोल सोडणारा मेन जेट एका मापाचा, नसेल तर दुसऱ्या. बनवणाऱ्यांनी फिल्टर आणि जेट यांना एकाच हिशेबाच्या दोन बाजू मानलं होतं. आज डबा काढणारे हा हिशेब अर्धाच करतात. हवा वाढते, जेट तोच राहतो, मिश्रण पातळ होतं, डोकं तापतं. येझदीसारख्या टू-स्ट्रोक गाडीत तर तापलेला पिस्टन सिलिंडरमध्ये जाम होतो आणि मागचं चाक क्षणात अडकतं. त्यात आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल आहे. इथेनॉल स्वतःच्या रेणूत ऑक्सिजन घेऊन येतं, त्यामुळे जुन्या जेटवर मिश्रण आधीच पातळ होतं. अशा वेळी आणखी हवा मोकळी करणं म्हणजे तापाला ऊन दाखवणं.

मैसूरच्या आयडियल जावाची गोष्ट इथे वेगळी काढायला हवी, कारण या किनाऱ्यावर जावा आणि येझदी आजही बऱ्याच आहेत आणि त्यांच्याबद्दल एक गोड गैरसमज आहे की टू-स्ट्रोक इंजिनाला काही होत नाही, त्यात व्हॉल्व्हच नाहीत. १९६१ ते १९९६ या काळात तिथे बनलेल्या या गाड्यांचा श्वास वेगळ्या वाटेनं जातो. बुलेटमध्ये हवा थेट सिलिंडरमध्ये शिरते. येझदीमध्ये ती आधी खाली, क्रँककेसमध्ये जाते, क्रँकच्या बेअरिंगांना, कनेक्टिंग रॉडच्या मोठ्या टोकाला वळसा घालते आणि मग वर चढते. तिथे वेगळं तेल खेळत नाही. पेट्रोलात मिसळलेलं जे आलं तेवढंच. म्हणजे फिल्टर चुकवून आलेला कण सगळ्यात आधी इंजिनाच्या सर्वांत नाजूक सांध्यावर बसतो. शिवाय दर फेऱ्याला एक घोट, चार-स्ट्रोकच्या दुप्पट वेळा. येझदीच्या सीटखालचा तो पत्र्याचा डबा, जो अनेकांनी अडगळ म्हणून काढून टाकला, तो खरं तर तिच्या क्रँकचा दरवाजा आहे.

आणि झीज परत मिळत नाही. बोअर झिजलं की रीबोअर करायचं, वीस थाऊ (इंचाचे हजारावे भाग), मग चाळीस, मग साठ. प्रत्येक वेळी सिलिंडरचं थोडं लोखंड लेथवर कीस होऊन खाली पडतं. त्यानंतर स्लीव्ह घालतात, पण तोपर्यंत मूळ ब्लॉक नावापुरता उरलेला असतो. बुलेटच्या जुन्या क्रँकमध्ये मोठ्या टोकाला रोलरऐवजी फ्लोटिंग बुश असतो, तेलाच्या पातळ पडद्यावर तरंगणारा. पिस्टनच्या रिंगांतून निसटलेली धूळ तेलात जाते, तेल ती बुशपर्यंत पोचवतं. तेलाचा पडदा काही मायक्रॉनचा. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉनचा. म्हणून डोळ्याला दिसणारी वाळू तितकी घातक नसते, ती फिल्टरच्या कडेलाच पडते. घातक ती जी उन्हाच्या तिरीपेतच दिसते, पाच ते वीस मायक्रॉनची, पडद्याच्या जाडीशी जुळणारी. हातात घेऊन बघितलं तर ती धूळ म्हणण्याइतकीही वाटत नाही.

हवेच्या मार्गात गाळणी लावली की वेग कमी होतो, हा आक्षेप जुना आहे आणि खराही आहे. दुसऱ्या महायुद्धात उत्तर आफ्रिका आणि माल्टाकडे पाठवलेल्या स्पिटफायर विमानांच्या नाकाखाली व्होक्स कंपनीचा मोठा फिल्टर बसवला गेला. त्या हनुवटीनं विमानाचा वेग ठळकपणे कमी झाला, आणि जिवावर बेतणाऱ्या लढाईत वैमानिकांना ते किती खुपलं असेल याची कल्पना करता येते. तरीही वाळवंटात फिल्टर काढून टाकणं हा मार्ग टिकणारा नव्हता. वाळूनं मर्लिन इंजिन काही तासांत म्हातारं केलं असतं. मग इजिप्तमध्ये अबूकीरच्या कार्यशाळेत दुरुस्तीवाल्यांनी लहान, कमी अडथळ्याचा फिल्टर घडवला, आणि पुढच्या नमुन्यांत फिल्टर हवा घेण्याच्या तोंडातच सामावून टाकला गेला. मला या हकिकतीत सुधारणेचा खरा अर्थ दिसतो. अडथळा कमी करायचा तर गाळणी टिकवून तिचा आकार, जागा, तोंड यांवर डोकं चालवायचं. वेग परत मिळाला तो असाच.

मोटरसायकलवर हेच कसं करता येतं? पहिली गोष्ट तोंडाची. जुन्या डब्याला हवा घेण्याचं भोक बहुधा पत्र्याला पंच मारून पाडलेलं असतं, कड तीक्ष्ण. तीक्ष्ण कडेवरून वळताना हवेची धार आकसते आणि भोकाच्या क्षेत्रफळापैकी ६१ टक्क्यांच्या आसपासच उपयोगी पडतं. तीच कड आतल्या बाजूला गोलाई देऊन वळवली, शिंगाच्या तोंडासारखी, तर आकडा ९८च्या जवळ जातो. जलाशयाच्या दारापासून रेसिंग कार्बोरेटरपर्यंत सगळीकडे हा नियम चालतो. भोक मोठं न करता, फिल्टरला हात न लावता, एका रबरी किंवा नायलॉनच्या गोल कडीनं इतकी वाट मोकळी होते. दुसरी गोष्ट डब्याच्या पोटाची. डब्यात सिलिंडरच्या काही पट हवा साठलेली असली की धापेचा धक्का ती हवा सोसते आणि कागदातून जाणारा प्रवाह संथ राहतो. डबा काढून कोन फिल्टर लावला की ही ढेरी नाहीशी होते आणि प्रत्येक झटका थेट गाळणीवर येतो. कार्बोरेटरमधून उलट उडणारी पेट्रोलची वाफही डब्यात अडकून पुढच्या घोटाला परत आत जाते. उघड्या फिल्टरवर ती कापसात मुरते आणि वाया जाते.

तिसरी गोष्ट कडेची, आणि माझ्या मते सगळ्यात मोठी. फिल्टरच्या कागदातून जितकी धूळ जाते त्यापेक्षा कितीतरी जास्त त्याच्या बाजूनं जाते. डबा आणि कार्बोरेटर जोडणारं रबर उन्हानं आणि खाऱ्या हवेनं कडक होतं, त्याला भेगा पडतात, क्लिप सैल होते, डब्याच्या झाकणाखालची फेल्टची पट्टी चपटी होऊन निर्जीव झालेली असते. मेकॅनिक म्हणतात ‘गाडी एअर घेते’, आणि तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर बिघडलेलं आयडलिंग असतं. पण जिथून एअर जाते तिथून धूळही जाते, तीही न गाळलेली. नवं रबर, नवी फेल्ट, पत्रा वाकला असेल तर ठोकून सरळ केलेली कड आणि त्या कडेवर पाणी न धरणाऱ्या ग्रीसचा पातळ हात. ग्रीसची ती रेघ चुकून आलेला कण धरून ठेवते, आणि पुढच्या वेळी झाकण उघडल्यावर गळती कुठे होती हेही दाखवते. या सगळ्याचा खर्च एका पिस्टन-रिंगच्या सेटपेक्षा कमी. या कामातलं काहीच बाहेरून दिसत नाही, म्हणून ते कोणी मागत नाही.

मग गाळणी कशाची असावी? कोरड्या दिवसांत चांगला कागद उत्तम. थोडा मळलेला कागद कोऱ्या कागदापेक्षा बारीक धूळ जास्त अडवतो, कारण अडकलेली धूळच पुढच्या धुळीची जाळी होते. म्हणून दर आठवड्याला फिल्टर जमिनीवर आपटणं, कॉम्प्रेसरनं हवा मारणं हे स्वच्छतेचं लक्षण वाटलं तरी त्यात कागदाचे तंतू फाटतात आणि जमलेली जाळी उडून जाते. पण जून ते सप्टेंबर हा किनारा कागदाचा नाही. कागद दमट होऊन फुगतो, मीठ झिरपवतो, इंजिनाचा गळा आवळतो. त्या महिन्यांत तेल लावलेला फोम अधिक शहाणा. तो पाणी मुरवत नाही, धूळ तेलाला चिकटून राहते आणि धुऊन पुन्हा वापरता येतो. फोमचाही एक दोष सांगायला हवा. याच दमट हवेत काही वर्षांनी त्याचा भुगा होतो आणि तो भुगा इंजिनच ओढून घेतं. दोन-तीन पावसाळ्यांनंतर तो दाबून पाहावा, बोटाला चिकटला तर टाकून द्यावा. डब्याच्या तळाला पाणी निघून जाण्याचं बारीक छिद्र असतं, ते चिखलानं बुजलेलं नसावं.

गाळणीपेक्षाही जागा महत्त्वाची, हे शिकायला अलिबागकरांना दूर जावं लागत नाही. मुंबईत विजेच्या ट्राम येणार हे ठरलं तेव्हा कुलाब्याच्या वेधशाळेतल्या चुंबकीय नोंदी त्या प्रवाहानं बिघडणार होत्या. नानाभाई मूस तेव्हा वेधशाळेचे संचालक होते. उपकरणांना आणखी आवरणं घालत बसण्यापेक्षा त्यांनी उपकरणंच खाडीपलीकडे, अलिबागला हलवली. १९०४ साली चुंबकीय वेधशाळा इथे सुरू झाली. १९०६पर्यंत दोन्हीकडे एकाच वेळी नोंदी घेऊन जुन्या आणि नव्या मापांचा सांधा जुळवून घेतला गेला, आणि मगच कुलाब्याचं काम थांबलं. त्या दोन वर्षांच्या संयमामुळे शतकाहून लांब अशी सलग नोंद आज जगाजवळ आहे. गोंगाट गाळण्याआधी गोंगाटापासून दूर जावं, आणि बदल करताना जुन्याशी मोजून जुळवावं, या दोन्ही गोष्टी एअर फिल्टरला तंतोतंत लागू पडतात. मोटरसायकलवर सगळ्यात घाण हवा असते ती मागच्या चाकासमोर आणि इंजिनाच्या खालच्या अंगाला. सगळ्यात शांत हवा सीटच्या खाली, पुढच्या बाजूला. कोन फिल्टर बहुधा नेमका पहिल्या जागी येतो. मूळ डब्याचं तोंड बनवणाऱ्यानं आत वळवलेलं असतं ते उगाच नाही.

जुन्या गाडीत काहीही बदलू नये, ती जशी कारखान्यातून आली तशीच राहिली पाहिजे, असं मानणाऱ्यांबद्दल मला आदर आहे. त्यांच्यामुळेच कितीतरी गाड्या भंगारात जायच्या वाचल्या. केंद्र सरकारनं २०२१ साली ५० वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी वेगळ्या ‘व्हीए’ नोंदणीचा नियम केला, त्यातही चासिस, सांगाडा, इंजिन यांत मोठा बदल नसावा अशी अट आहे, आणि ती योग्यच आहे. पण वर सांगितलेल्या सगळ्या गोष्टी डब्याच्या आत आहेत, आणि दहा मिनिटांत काढून पुन्हा मूळ स्थितीत आणता येतात. उलट फिल्टरशिवाय झिजलेलं बोअर मूळ स्थितीत कधीच येत नाही. बाहेरचा पत्रा जपायचा आणि आतलं लोखंड झिजू द्यायचं, याला जतन म्हणता येणार नाही. राहिला आवाजाचा प्रश्न. उघड्या गळ्याचा तो खोल हुंकार मोहक असतो हे मान्यच करायला हवं. पण एक्झॉस्टचा ठेका, ज्यासाठी बुलेट ओळखली जाते, तो डबा असतानाही तसाच राहतो.

आणि ज्यांची गाडी महिन्यातून एखाद्या रविवारी निघते, त्यांना वाटतं की एवढ्याशा वापराला फिल्टरची काळजी कशाला. समुद्राजवळ उभी गाडीही श्वास घेत असते. रात्री इंजिन थंड होतं, आतली हवा आकसते, बाहेरची दमट हवा कार्बोरेटरच्या गळ्यातून आत ओढली जाते. दुपारी तापून ती बाहेर पडते, मीठ आत राहतं. त्या वेळी इनलेट व्हॉल्व्ह उघडा असेल तर ती हवा थेट सिलिंडरच्या भिंतीवर जाते आणि महिन्याभरात तिथे गंजाची पट्टी उठते. म्हणून बुलेट उभी करताना किक हळू दाबत कॉम्प्रेशन लागेपर्यंत आणावी. तिथे दोन्ही व्हॉल्व्ह बंद असतात. आणि डबा, झाकण, रबर जागच्या जागी असू द्यावं.

नारळी पौर्णिमा होऊन गेली, पाऊस ओसरला की एका सकाळी फिल्टर काढा. फिल्टरकडे नंतर बघा. आधी कार्बोरेटरकडे जाणाऱ्या रबरी नळीत, आतल्या बाजूनं, पांढरं धोतराचं फडकं बोटावर गुंडाळून फिरवा. फडकं पांढरंच राहिलं तर झाकण लावून टाका. तांबूस झालं असेल, तर तेवढीच माती पिस्टनपर्यंतही गेलेली आहे.